फवारणीवाल्या शेषरावजींच्या मकड्या

शेषरावजींच्या घरी गेलात तर खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची नीट पाहून घ्यावी लागते. तिच्या पाठीवर मसुराच्या दाण्याएवढी एक मकडी बसलेली असते आणि ती उठेपर्यंत तुम्ही उभे. मी एकदा न बघता बसायला गेलो, तर शेषरावजी असे ओरडले की माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"उठा गुरुजी, उठा! ड्युटीवर हाय ते!"

मी उठलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, रोज वर्गातल्या पोरांना बाकावर उभं करणारा, एका मकडीसाठी उभा राहिलो. मकडीने तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. खरंच वळवते, तुम्ही कधी निरखून पाहिलं नसेल. मग तिने टुणकन खिडकीच्या चौकटीवर उडी मारली आणि तिथली माशी धरली. "पाह्यलं?" शेषरावजी म्हणाले. "बसा आता." जणू काही ती माशी मीच घेऊन आलो होतो.

पुस्तकात या प्राण्याला कोळी म्हणतात. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरात मकडीच म्हणतात. आणि शेषरावजी तिला स्टाफ म्हणतात.

हा गृहस्थ माझा शेजारी. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून. आमची दोन घरं पूर्वी एकच लांबलचक घर होतं. मधे कधीतरी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि आठ फुटांची एक भिंत उभी राहिली. तिच्यावर टिनाचं छप्पर मात्र सलग. त्यामुळे भिंतीच्या वरून सगळं इकडचं तिकडे जातं. आमची फोडणी त्यांना, त्यांचा खोकला आम्हाला. आमच्या घरातलं भांडण त्यांना तोंडपाठ असतं आणि त्यांचा स्टाफ आमच्या स्वयंपाकघरात फिरतीवर येतो. यावरून माझ्या बायकोने शेषरावजींना जे काही ऐकवलंय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गंमत अशी, की या माणसाने तीस वर्षं सरकारी नोकरी केली ती भिंतींवर विष मारण्याची. मलेरियाच्या खात्यात फवारणीवाले होते ते. पितळी पंप घेऊन रामाकोना, मोहगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांतलं घर न् घर त्यांनी फवारलं. बाया शिव्या द्यायच्या, कारण भिंतीवर पांढरे ओघळ उमटत. शेषरावजींची पाठ फिरली की त्या शेणामातीने भिंत सारवून मोकळ्या व्हायच्या. डास पुन्हा मजेत. ढेकूण तर त्यांच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या वर्षी सहकुटुंब हजर. "मेल्या त फक्त मकड्या मेल्या," ते सांगतात. "ज्या आपल्याच बाजूनं लढून राहिल्या होत्या, त्यायलेच मारलं आपण. अन् वरतून त्याचा पगार घेतला."

त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. "मी तीस वर्सं लोकायच्या भिंतीच पाह्यल्या, गुरुजी," हे त्यांचं शेवटचं वाक्य. तुम्ही काहीही म्हणा, कापसाचा भाव म्हणा की राजकारण, शेषरावजी तीस वर्षांच्या भिंती पुढे करतात आणि तुमचं तोंड बंद होतं.

स्टाफची त्यांनी रीतसर वर्गवारी केलेली आहे. उड्या मारत शिकार करणाऱ्या बारक्या, करड्या मकड्या म्हणजे फिल्ड स्टाफ. त्या जाळं विणत नाहीत, दिवसभर भिंतीवर गस्त घालतात. कोपऱ्यात पातळ जाळं करून बसणाऱ्या, काडीसारख्या पायांच्या मकड्या म्हणजे ऑफिस स्टाफ. "एका जागेवर बसून राह्यते. कोणी बोट लावलं का नुसती थरथर थरथर हालते, म्हणजे लोकायले वाटलं पाहिजे का लय काम सुरू हाय," असं त्यांचं निरीक्षण. मी ज्या खात्यात नोकरी करतो तिथे हे इतकं लागू पडतं, की मी विषय बदलला. कोणतीच मकडी माणसाला चावत नाही, चावली तरी काही होत नाही, हे पटवायला ते एखादी उचलून तुमच्या तळहातावर ठेवतात. आमच्याकडे आता कोणी त्यांच्याशी हात मिळवत नाही.

तिला कीडा म्हणालात तर मात्र खैर नाही. "कीडा नाही जी. किड्याले सहा पाय. हिले आठ. मोजा."

एकदा मी खरोखर मोजले. आठ होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तर त्यांना आवरणं मुश्कील होतं. तिकडे पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारायला निघालेले असतात, आणि इकडे आमच्या मोहल्ल्यात दारोदारच्या पळसाच्या फांद्या गोळा करून लोक गावाबाहेर फेकायला निघतात. सगळी रोगराई, सगळे किडे-माकोडे मारबतीबरोबर, म्हणजे गावाबाहेर काढायच्या पीडेबरोबर, हाकलायचे असतात. पुढचा एकेक नाव घेतो, मागचे ओरडतात.

"ढेकूण, मच्छर, माश्या..."

"घेऊन जाय गे मारबत!"

"खासी, खोकला, मकड्या..."

शेषरावजी बनियनवर ओट्यावरून उतरून मिरवणुकीच्या मधोमध. "थांबा! मकड्या कायले देऊन राहिले? मकड्या नाही जायच्या! फिरून म्हणा!"

दर वर्षी मिरवणूक थांबते. दर वर्षी पाच मिनिटं चर्चा होते. शेवटी लोक कंटाळून मकड्या वगळून पुन्हा सुरुवातीपासून म्हणतात, कारण त्याशिवाय शेषरावजी वाट सोडत नाहीत. गेल्या वर्षी एकाने चिडून यादीत शेषरावजींचंच नाव घेतलं आणि मागच्यांनी जोरात "घेऊन जाय गे मारबत" म्हटलं. यावर ते समाधानाने मान डोलावून म्हणाले, "चालते. मले नेऊ दे. मकड्या राहू दे."

त्यांच्या घरात माणसं दोनच. एक ते आणि दुसऱ्या कौसल्यावहिनी. मुलगा पुण्याला, फोनवर भेटणारा. कौसल्यावहिनींना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. वाचा गेली, उजवं अंग गेलं, मान एका बाजूला वळली ती तशीच राहिली. तोंड कायम भिंतीकडे. पूर्वी या बाईचं बोलणं आठ फुटांची भिंत ओलांडून आमच्या रेडिओवर मात करायचं; शेषरावजींनी लग्नानंतर पहिलं पूर्ण वाक्य निवृत्तीनंतर उच्चारलं असावं, असा माझा अंदाज होता. आता त्या गप्प आणि ते बोलतात. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं सगळं स्वतः करतात. नात्यातल्या बायका मदतीला आल्या की पहिल्यांदा झाडू उचलतात, दुसऱ्यांदा जाळ्याकडे पाहतात, आणि तिसरं काही करायच्या आत शेषरावजी त्यांना बसस्टँडवर सोडून येतात.

दुपारी जेवून मी आडवा झालो की भिंतीपलीकडून आवाज सुरू. "आली... आली... दबून बसली पाह्य... आता मारते... अरे! गेली!" मग थोड्या वेळाने, "मी म्हणलं होतं नाही?" मी बायकोला म्हणायचो, म्हातारा आता मकड्यांशी बोलायला लागला, काही दिवसांनी त्यांना चहा पाजेल. मी ही नक्कल स्टाफरूममध्ये करून दाखवायचो. चांगली जमायची, लोक पुन्हा करायला लावायचे.

तर आमच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, या दिवाळीनंतर करायचं ठरलं. मुलाकडचे पांढुर्ण्याचे, संत्र्याचे बागायतदार. मुलाची आई पहिल्या भेटीत आमच्या खिडकीच्या कठड्यावरून सहज बोट फिरवून गेलेली, आणि ते बोट तिने पदराला पुसलेलं माझ्या बायकोने पाहिलेलं. त्या दिवसापासून आमच्या घरात युद्धाची तयारी. रंग झाला, पडदे आले. पण रंगाच्या वासाला न जुमानता स्टाफ वरून येतच होता. "समधिनीच्या ताटात एक जरी पडली," बायको म्हणाली, "त मी तुमच्या शेषरावजीले त्याच ताटात वाढीन."

पांढुर्ण्याहून एक फवारणीवाला बोलवायचं ठरलं. हे शेषरावजींना कळलंच, छप्पर सलग असल्यावर काय लपतं? त्याच आठवड्यात त्यांना कौसल्यावहिनींना तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं, तीन दिवस. निघायच्या आधी ते आमच्या दारात आले. धुतलेलं धोतर, हातात औषधांच्या चिठ्ठ्या.

"गुरुजी, पोरीचं साक्षगंध हाय, मले समजते. तुमच्या घरातल्या झाडून काढा, मी काही म्हणत नाही. पण फवारणी करू नोका. वरतून सारं एकच हाय. मी आल्यावर सोता तुमच्या घरातली एकूण एक उचलून नेतो. शब्द देऊन राहिलो."

"हाव हाव," मी म्हटलं. "तुम्ही बेफिकीर जा."

आमच्याकडे हाव, म्हणजे हो, म्हणायला काही लागत नाही. समोरचा लवकर जावा म्हणून आम्ही हाव म्हणतो. त्यांची जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी फवारणीवाल्याला फोन लावला. घर रिकामं आहे, बाईला वासाचा त्रास नको, हीच वेळ बरी, असंही मी स्वतःला समजावलं. मला स्वतःला समजवायला फार वेळ लागत नाही.

तो आला, तोंडाला फडकं बांधून सगळं घर फवारून गेला. टिनाखालून धूर पलीकडे गेला. संध्याकाळपर्यंत आमच्या पांढऱ्या फरशीवर काळे ठिपके पडले होते, आठही पाय पोटाशी घेतलेले. बायकोने सूप भरून बाहेर टाकले.

चौथ्या दिवशी जीप आली. कौसल्यावहिनींना उचलायला मीही हात लावला. खाटेवर निजवलं. शेषरावजींनी भिंतीकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, मग खाली. मी दाराशी उभा, ओरडण्याची वाट पाहत. माझी बायको तिकडे पदर खोचून उत्तरं घेऊन तयार होती.

"वास येऊन राहिला," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी उघडली. मग कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खाली बसून, हळू, स्वतःचा स्टाफ गोळा केला. बायकोची सगळी उत्तरं वाया गेली.

त्या दुपारी भिंतीपलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. मला झोप लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेषरावजी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन मोहल्ल्यात निघाले. पहिल्या दारात जाऊन म्हणाले, "सूनबाई, तुमच्या घरी एखादी मकडी हाय का?"

आता, दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. घर घासून-पुसून बाईची कंबर मोडलेली. तिला कोणी असं विचारावं?

"आमच्या घरी? काऊन जी, आमचं घर तुमाले तसं दिसते काय?"

"तसं नाही बाई. फिल्डवाली पाहिजे होती. एकच."

"आमच्याकडं नाही. तिकडं जाऊबाईकडं पाहा, तिकडं असंल!"

जाऊबाईने हे खिडकीतून ऐकलं. दोघी जावांचं पुढे दुपारपर्यंत चाललं. किराणा दुकानदाराला वाटलं काका मकड्यांनी हैराण झाले, त्याने मारायचा स्प्रेच काढून समोर ठेवला. रामाकोन्याचा एक म्हातारा बाजाराला आला होता, तो भर चौकात हसला, "शेषराव, साऱ्या त तूच मारल्या गा! आता कोणाच्या घरी राहणार हाय?" लोक हसले. शेषरावजीही हसल्यासारखं करून पुढच्या दाराकडे गेले. एकाही बाईने मकडी असल्याचं कबूल केलं नाही. कोपऱ्यात जाळं लोंबत असलेल्या घरानेही दार ओढून घेतलं.

शेवटी ते माझ्याकडे आले. बरणी रिकामी. मला आतून टोचत होतं, आणि टोचलं की मी मास्तरासारखा बोलतो.

"शेषरावजी, काय हे या वयात? गाव हसून राहिलं तुमच्यावर. एका किड्यासाठी?"

कीडा म्हणालो तरी त्यांनी पाय मोजायला लावले नाहीत. ओट्यावर बसले, बरणी मांडीवर ठेवली.

"माह्यासाठी नाही जी. कौसल्येसाठी पाहिजे."

मी शेजारी टेकलो.

"लकवा मारला तव्हा डॉक्टर म्हणे, तिच्याशी बोलत जा. मी बोललो. महिनाभर बोललो. तिनं कधी माह्यं ऐकलं नाही जी, आता काय ऐकते? डोळे उघडे, पण पाहून नाही राहिली. मंग एक दिवस मी तिले भरवत होतो, त दिसलं का डोळे हालून राहिले. म्हणलं कायले? त भिंतीवर एक मकडी. ते जिकडं जाय तिकडं हिचे डोळे. मकडीनं उडी मारली, माशी हुकली, अन् हिनं आवाज काढला. हासली गुरुजी ते. तोंड वाकडं हाय म्हणून समजत नाही, पण मले समजते."

त्यांनी बरणीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"तव्हापासून रोज पाह्यतो आम्ही. मी म्हणतो पकडते. ते म्हणते हुकते. म्हणते म्हणजे, डोळे एकदा मिटले का पकडते, दोनदा मिटले का हुकते. जास्त करून तेच जितते. आता तीन दिवस झाले, भिंतीवर काही नाही. मी सांगतलं, स्टाफ छिंदवाड्याले ट्रेनिंगले गेला, येईल. पण कालपासून तिनं डोळेच लावून घेतले. भरवलं त घास तोंडातच राह्यते."

तीस वर्षांच्या भिंतींवर ते काहीच बोलले नाहीत. मला म्हणाले असते, तुम्ही शब्द मोडला, तर बरं झालं असतं. ते तेही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या दुपारची नक्कल करून स्टाफरूममध्ये टाळ्या घेतल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की मी चप्पल न घालताच स्कूटरवर बसलो.

शाळेत गेलो. रविवार होता. चौकीदाराकडून किल्ली घेतली आणि जुन्या उत्तरपत्रिकांची खोली उघडली, तिथे आम्ही कोणी कधी झाडू मारत नाही. पाऊण तास टेबलावर चढलो, कपाटामागे शिरलो. चौकीदाराने विचारलं, "सर, कुछ खो गया क्या?" मी म्हटलं, मकडी. तो दुसऱ्या कपाटामागे शिरला. शेवटी एक सापडली, करडी, बारकी. चहाचा ग्लास पालथा घातला, खाली नववीच्या कोणाचातरी भूगोलाचा पेपर सरकवला. एका हाताने ग्लास छातीशी धरून, दुसऱ्या हाताने स्कूटर चालवत, अनवाणी, मी भर बाजारातून आलो. ओळखीचे जितके लोक होते तितके सगळे त्या दिवशी बाजारात आले होते.

दारात बायको उभी. तिने आतून सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, तोंड दुसरीकडे करून, पण घेतला, आणि माझ्या पुढे शेषरावजींच्या घरात शिरली.

कौसल्यावहिनी तशाच, तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. आम्ही मकडीला भिंतीवर सोडलं. ती तिथेच चिकटून बसली. नवीन जागा, नवीन माणसं, हलेचना. आणि हलणार तरी कशाला? माझ्या फवारणीने माशीही शिल्लक ठेवली नव्हती. बायको घरी जाऊन संत्र्याची फोड आणि गुळाचा खडा घेऊन आली, खिडकीत ठेवला. साक्षगंधासाठी चकचकीत केलेल्या घराची मालकीण शेजारच्या खिडकीत बसून माशीची वाट पाहू लागली.

बऱ्याच वेळाने एक आली. गुळावर बसली, उठली, भिंतीवर बसली. मकडीने तोंड वळवलं. शेषरावजी खाली वाकून वहिनींच्या कानाशी म्हणाले, "कौसल्ये. पाह्य."

काही नाही. मकडी एक पाऊल सरकली. पुन्हा एक.

"नवीन हाय. मी म्हणतो पकडते."

कौसल्यावहिनींचे डोळे उघडले. भिंतीवर फिरले, थांबले. मग त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या, पुन्हा मिटल्या आणि उघडल्या.

मकडीने उडी मारली. माशी केव्हाच गेली होती. मकडी भिंतीवरून सुटली आणि आपल्या धाग्याला धरून त्यांच्या उशीच्या वर लोंबकळत राहिली. वहिनींच्या घशातून एक खरखरीत आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, मी पाण्यासाठी उठलो. तेवढ्यात शेषरावजींचा चेहरा पाहिला आणि समजलं. ते तोंडावर हात दाबून बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी हाताच्या वरून वाहत होतं.

मला वहिनींची माफी मागायची होती. वाक्य जुळवलं, घसा साफ केला, "वहिनी, मी..."

"बोलू नोका गुरुजी," शेषरावजी हळूच म्हणाले. "पाहून राहिली ते."